वजनाची गोळी घेण्याआधी घरातलं तेल मोजा

लग्नसराई तोंडावर आली की मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, चरबी जाळायची गोळी आहे का हो? चिठ्ठी नाही. फार नको, पाच-सात किलो उतरलं तरी बास." विचारणारी कधी नवरी असते, कधी नवरीची आई. हल्ली पोट सुटलेली तिशीतली पोरंही विचारतात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी औषधांचं दुकान चालवते, आणि या प्रश्नाला "आहे" किंवा "नाही" एवढ्यावर बोळवण करणं मला पटत नाही. म्हणून गोळी कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये, कोणती डबी हातातही धरू नये आणि आपल्या भाकर-वरण-चटणीच्या जेवणात ती कशी बसवायची, हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. काउंटरवर मिळणारी कुठलीही गोळी अंगावर साठलेली चरबी जाळत नाही. ज्या एका औषधाचा उपयोग नीट सिद्ध झालेला आहे, ते ताटातल्या तेला-तुपावर काम करतं. म्हणजे ताटात तेल किती आहे हे ठाऊक नसेल तर त्या गोळीचा फायदाही कळत नाही आणि त्रासही टळत नाही.

पहिली पायरी: वजनकाटा, फीत आणि रक्ताची तपासणी

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो असेल, तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे सुमारे २.५, ७२ ला त्याने भागलं की २८.८ येतं. हा झाला बीएमआय. आपल्या भारतीय शरीरात कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका सुरू होतो, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेरही मोजा. श्वास सोडून, पोट आत न ओढता फीत लावायची. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या पुढे गेला असेल तर पोटातली चरबी वाढली असं समजायचं.

बीएमआय २३ च्या आत असून फक्त लग्नाच्या फोटोसाठी बारीक व्हायचं असेल, तर गोळीचा विचार सोडून द्या. अशांना मी गोळी देत नाही.

वजन जास्त असेल तर गोळीच्या आधी डॉक्टरांना दाखवून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), उपाशीपोटीची साखर, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या करून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालयात किंवा लातूर-नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या तपासण्या होतात. थायरॉइड मंद झालेलं असेल, पाळी अनियमित असेल, एखाद्या औषधानेच वजन वाढत असेल, तर उपाय वेगळा लागतो. सांधेदुखीसाठी कुणी नाव नसलेल्या पुड्या देत असेल तर त्या डॉक्टरांना जरूर दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडने चेहरा अन् पोट सुटतं.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, अठराच्या आतली मुलं, अन्नरस शोषला न जाण्याचा आजार असलेले आणि पित्ताचा प्रवाह अडलेले रुग्ण, यांनी वजनाची गोळी घ्यायचीच नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुतखडा किंवा किडनीचं दुखणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय नाही.

दुसरी पायरी: काउंटरवर नेमकं काय मिळतं ते ओळखा

आपल्या औषध कायद्यात बिनचिठ्ठीच्या औषधांची वेगळी यादी नाही. जे चिठ्ठीवर द्यायच्या अनुसूचीत येत नाही ते मोकळं, एवढंच. त्यामुळे काउंटरवर औषध, पूरक आहार, आयुर्वेदिक गोळी आणि शुद्ध थाप शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. गिऱ्हाइकाला सगळ्या डब्या सारख्याच वाटतात.

यातलं खरं औषध म्हणजे ऑर्लिस्टॅट. खाल्लेल्या तेला-तुपाचं पचन करणारं लायपेज नावाचं पाचक द्रव्य ते आतड्यात अडवतं. मग त्यातलं काही तेल न पचता शौचावाटे निघून जातं. ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल जेवणातल्या तेलाचा साधारण चौथा हिस्सा अडवते, १२० ची साधारण तीस टक्के. अमेरिकेत ६० ची मात्रा २००७ पासून बिनचिठ्ठीची आहे. १२० ची तिथेही चिठ्ठीवरच मिळते. आपल्याकडे पाकीट हातात घेतल्यावर डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि आरएक्सची (Rx) खूण आहे का ते बघा. असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. दुकानदार तसंच देत असेल तरी घेऊ नका.

आता एक हिशेब करू. बैठं काम करणारी बाई दिवसाकाठी १४०० कॅलरीचं जेवण घेते आणि त्यात ४५ ग्रॅम स्निग्धांश आहे असं धरा. चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे १०० कॅलरी. दिवसाला तीन कॅप्सूल घेऊन वाचल्या त्या एवढ्याच. अडीच चहाचे चमचे तेल कमी घातलं तरी तेवढ्याच वाचतात. आणि ही गोळी साखरेला हात लावत नाही. दिवसातून पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे २०० कॅलरी, त्या जशाच्या तशा अंगी लागतात. जिचं वजन चहा-बिस्किटाने वाढलं तिने कितीही कॅप्सूल गिळल्या तरी काटा हलणार नाही. वर्षभर आहार सांभाळून गोळी घेतली तर नुसत्या आहारापेक्षा सरासरी दोन-तीन किलो जास्त उतरतात. महिन्यात दहा किलोचं आश्वासन देणारा खोटं बोलतो.

दुसरा प्रकार तंतूंचा. इसबगोलाने पोट भरल्यासारखं वाटतं, शौचाला साफ होतं, वजनावर परिणाम थोडा. एक-दोन चमचे भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकतं. दुसऱ्या औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

तिसरा प्रकार अर्कांचा: ग्रीन टी, गार्सिनिया, कॉफी बीन्स. गार्सिनिया कोकमाच्याच कुळातलं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वाटीभर सार पिणं निराळं आणि घट्ट केलेला अर्क रोज कॅप्सूलमधून घेणं निराळं. गार्सिनिया आणि ग्रीन टीच्या अर्काने लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत, आणि फायदा नावापुरता. मी या डब्यांची शिफारस करत नाही. सफरचंदाच्या व्हिनेगरबद्दल एवढंच की ते दातांचं कवच झिजवतं.

चौथ्या प्रकाराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पांढरी प्लॅस्टिकची डबी, वर पान-फुलाचं चित्र, "शंभर टक्के नैसर्गिक". जिममधला पोरगा देतो, नात्यातली कुणी साखळी पद्धतीने विकते, नाहीतर मोबाइलवर मागवली जाते. एक ताई अशी डबी घेऊन दुकानात आल्या होत्या. "भूकच लागत नाही बघा, रात्री झोप नाही, पण गुण आला," म्हणाल्या. छातीत धडधड होत होती, तोंडाला कोरड पडली होती. डबीवर उत्पादकाचा पत्ता नव्हता, बॅच नंबर नव्हता, घटकांच्या जागी "हर्बल मिश्रण" एवढंच छापलेलं. मी त्यांना डबी बंद करायला लावून डॉक्टरांकडे धाडलं. वनस्पतीने दोन दिवसांत भूक मरत नाही. अशा "हर्बल" मालात भूक मारणारं सिब्युट्रामिन हे औषध चोरून घातल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळलं आहे. सिब्युट्रामिनने हृदयरोग्यांमध्ये झटका आणि पक्षाघात वाढतात हे दिसल्यावर २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपातून मागे घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतातही बंदी आली. बंदी आली तरी ते डब्यांतून फिरतच राहिलं.

थायरॉइड नसताना थायरॉइडची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी, जुलाबाची गोळी, हे उद्योगही वजनासाठी चालतात. पहिलीने हृदयाचे ठोके बिघडतात. बाकीच्या दोन्हींनी फक्त पाणी जातं. काट्यावर दोन किलो कमी दिसतात आणि एक दिवस नीट पाणी प्यायलं की परत येतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, त्यात अंगातलं पाणी आणि क्षार असे काढून टाकणं जिवावर बेतू शकतं.

डबी घेताना हे तपासा: उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशी सूचना हवी. जाहिरातीबद्दलही एक ध्यानात ठेवा. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा ठरतं. भिंतीवर किंवा मोबाइलवर ज्याची जाहिरात सगळ्यात मोठी, तो माल आधी बाद करा.

तिसरी पायरी: गोळीआधी एक महिना तेलाचा

ही पायरी गाळू नका. मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं इथेच आहे.

तेलाचा नवा कॅन फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. घरात पाच माणसं आणि कॅन महिनाभर पुरला, तर माणशी दिवसाला ३० ग्रॅम झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरे, आणि वजन उतरवणाऱ्याने २० च्या आसपास राहावं. म्हणजे पाच माणसांना महिन्याला साडेतीन लिटर. कॅन वीस दिवसांतच संपत असेल, तर गोळीचे पैसे तूर्त वाचवा आणि आधी हे नीट करा.

फोडणीची पळी कॅनजवळून उचलून ठेवा आणि चहाचा चमचा ठेवा. एका चमच्यात साडेचार ग्रॅम तेल येतं. चार माणसांच्या भाजीला चार चमचे पुरतात. कढई नीट तापली, मोहरी तडतडली आणि भाजीवर झाकण ठेवून वर पाणी घातलं की भाजी लागत नाही. येसर आमटीला तर आठवडाभरात फरक जाणवत नाही, कारण तिची चव भाजलेल्या येसराची असते.

मग नजर वळवा कुटाकडे. आपल्याकडे भाजीत कूट, चटणीत शेंगदाणे, ठेच्यात शेंगदाणे, आणि हे तेल कुणी मोजतच नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ४० ते ४९ ग्रॅम तेल असतं. एक मोठा चमचा कूट म्हणजे चार-पाच ग्रॅम तेल. जवस आणि कारळाच्या चटणीचंही जवळपास तसंच. हे पदार्थ पौष्टिक आहेत, सोडू नका. दिवसाला एक चमचा चटणी आणि भाजीत कूट असेल तर ठेचा बिनशेंगदाण्याचा, असा मेळ घाला. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश असतो. पेलाभर दूध म्हणजे १२-१३ ग्रॅम झाले, म्हणून साय काढूनच वापरा.

भाकर मात्र आपली सोबतीण आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात तेल जेमतेम दोन ग्रॅम आणि तंतू दहाच्या आसपास. ७५ ग्रॅम पिठाची एक भाकर धरली तर २५० कॅलरी होतात. बैठ्या कामाच्या माणसाला जेवणात एक, फार तर दीड. सोबत वाटीभर तुरीचं घट्ट वरण, अंबाडी, घोळ, तांदुळजा, करडई यांपैकी मिळेल ती पालेभाजी, काकडी-मुळा आणि ताक. हुलग्याचे शेंगोळेही चालतात, प्रथिनं चांगली असतात. शेतात दिवसभर राबणाऱ्याला एवढं पुरणार नाही. त्याने भाकर वाढवावी, तेल नको.

महिनाभर असं केलं, रोज अर्धा-पाऊण तास चाललात, चहाची साखर निम्मी केलीत, की काट्यावर बदल दिसतो. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती. पुष्कळांना पुढे गोळी लागतच नाही.

चौथी पायरी: गोळी आपल्या ताटासोबत बसवणं

महिन्यानंतरही वजन हटत नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर ऑर्लिस्टॅट ६० सुरू करता येतं. तेल-तूप असलेल्या मुख्य जेवणासोबत, किंवा जेवल्यावर तासाभराच्या आत एक कॅप्सूल. दिवसात तीनपेक्षा जास्त कधीच नाही. जेवण चुकलं तर कॅप्सूलही चुकवायची. न्याहारीला नुसत्या ज्वारीच्या कण्या आणि ताक असेल तर तेव्हा कॅप्सूलची गरज नाही.

महत्त्वाचा आकडा १५. एका जेवणात १५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असावा. दोन चमचे तेलाची भाजी म्हणजे नऊ ग्रॅम, एक चमचा चटणीचे पाच, बाकी भाकरी-वरणातला एखाद-दुसरा. भरलं ताट आणि आकडा जमला.

तो ओलांडला तर काय होतं ते स्पष्ट सांगते, कारण डबीवर हे बारीक अक्षरात असतं आणि विकणारा लाजून बोलत नाही. रविवारी तर्रीचं मटण खाल्लं आणि सोबत कॅप्सूल घेतली, तर न पचलेलं तेल बाहेर येणारच. वारा सरताना तेल येतं, कपड्यांना नारिंगी डाग पडतात, आणि शौचाची घाई अशी होते की थांबता येत नाही. एसटीत बसलेल्या किंवा रानात गेलेल्या बाईचे किती हाल होतील, विचार करा. म्हणून पहिली कॅप्सूल सुट्टीच्या दिवशी, घरी असताना घ्या. पहिले काही दिवस गडद रंगाचे कपडे घाला, लांबचा प्रवास टाळा. लग्नाची पंगत, वेळ अमावस्येची भज्जी, धपाटे, नान खलिया असा बेत असेल त्या दिवशी कॅप्सूल घेतल्याने जेवण "माफ" होत नाही, फक्त त्रास होतो. रात्री एकदा इसबगोल घेतल्याने हा त्रास कमी होतो असं अभ्यासात दिसलं आहे. डॉक्टरांना विचारून घ्या.

उपासाला विशेष जपा. साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे तूप म्हणजे २०-२५ ग्रॅम स्निग्धांश सहज होतो. उपासाचं हलकं खाणं समजून वर कॅप्सूल घेणाऱ्या बायका हमखास अडचणीत येतात. भगर, दही, राजगिरा यांवर उपास करा आणि त्या दिवशी कॅप्सूल बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: दुसऱ्या औषधांचं वेळापत्रक

तेलासोबत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. म्हणून रोज एक मल्टीव्हिटॅमिन, पण कॅप्सूलपासून किमान दोन तास दूर. आठला जेवलात तर दहा-साडेदहाला, झोपताना.

थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी न्याहारीची कॅप्सूल सोडून दुपार-रात्रीचीच घ्यावी, आणि टीएसएच पुन्हा तपासावं. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर वजन आणि जेवण कमी होताच साखर उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले तर साखर खा आणि डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन, फिट्सची औषधं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, अवयव बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन यांपैकी काही चालू असलेल्यांनी स्वतःहून सुरू करूच नये. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला जोराचे जुलाब झाले तर गोळीवर विसंबू नये, निरोधसारखा दुसरा उपाय जोडावा.

सहावी पायरी: कधी थांबायचं

डोळे किंवा लघवी पिवळीजर्द होणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना जाणं, ही लिव्हरची लक्षणं आहेत. क्वचित दिसतात, पण दिसली की त्याच दिवशी गोळी बंद करून दवाखाना गाठा. कमरेतून कळ येणं, लघवी कमी होणं किंवा लाल होणं, शौचावाटे रक्त, यालाही तेच. उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखड्याचा धोका वाढतो, तेव्हा गोळी चालू असताना पाण्यात कुचराई नको.

आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. बारा आठवडे नीट आहार आणि गोळी घेऊनही वजन उतरलं नसेल तर गोळी तुमच्या उपयोगाची नाही, बंद करा. उतरत असेल तरी ६० ची मात्रा सहा महिन्यांच्या पुढे स्वतःहून लांबवू नका. दोन कॅप्सूल एकदम घेऊन दुप्पट वजन उतरत नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली खूप विचारतात. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आलं. त्यांचा परिणाम ऑर्लिस्टॅटपेक्षा पुष्कळ जास्त आहे. पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालची औषधं आहेत. मैत्रिणीचं उरलेलं पेन टोचून घेणं भयंकर आहे. बीएमआय ३० च्या पुढे असेल किंवा मधुमेह सोबत असेल तर काउंटरवर वेळ न घालवता थेट डॉक्टरांशी याबद्दल बोला.

गोळी बंद केल्यावर चमचा आणि मार्कर कॅनजवळच राहू द्या. वजन दोन किलोने वर चढलं की त्या महिन्याचा कॅन किती दिवस पुरला ते आधी बघा. आणि एखाद्या डबीने त्रास झाला असेल तर ती फेकू नका. उरलेल्या गोळ्या, डबी आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे जा, जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा.